बोरच्या पाण्यात सोडलेला आवाज

वर्ध्याला निघाले आहे असं सांगितलं की पुण्यात जो तो विचारायचा, सेवाग्राम बघणार ना? मी हो म्हणायचे, आणि ते खोटंही नव्हतं. पण माझं काम वेगळंच होतं. सेलू तालुक्यात बोर नावाचं धरण आहे, त्याच्या तळाशी किती गाळ साचला ते मोजायचं होतं. आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मी पुण्यात पाण्याच्या एका संशोधन केंद्रात सहायक होते. त्या विभागातून दौऱ्यावर जाणारी मी पहिलीच बाई. त्यामुळे आईनं लोणच्याची बरणी दिली आणि वडिलांनी शिट्टी.

आमच्याबरोबर एक लाकडी पेटी होती. तिच्यात इको साउंडर. नाव भारदस्त असलं तरी यंत्राचं काम सोपं आहे. भोपळ्याएवढा एक डबा नावेच्या कडेनं पाण्यात बुडवून ठेवायचा. तो खाली आवाज सोडतो, आपल्या कानाला ऐकू न येणारा. तो आवाज तळावर आपटून परत येतो, आणि जायला-यायला लागलेल्या वेळावरून खोली कळते. नाव पुढे जात असते तशी पेटीतली सुई सरकत्या कागदावर तळाची रेघ जाळून उमटवत जाते. बंद खोलीत बसून काम केलं तर जळक्या कागदाचा वास कपड्यांना दिवसभर येतो. समुद्रावरची माणसं याच तऱ्हेनं बुडालेली जहाजं शोधतात. आम्ही चिखल शोधत होतो.

वर्धा ते हिंगणी

माझे वरिष्ठ देवधर म्हणजे अतिशय नीटनेटका माणूस. दौऱ्यावरसुद्धा इस्त्रीची पँट. वर्ध्याहून निघालेल्या एस.टी.त यंत्र त्यांनी मांडीवर घेतलं आणि बॅटरी पायाशी ठेवली. रस्ता खराब होता. सेलूच्या अलीकडे बॅटरीतलं पाणी हिंदकळलं आणि पँटच्या डाव्या पायाला गुडघ्याखाली भोकं पडायला लागली. कंडक्टरनं शांतपणे एक गोणपाट आणून दिलं आणि सांगितलं, "साहेब, पँट गेलीच. पाय वाचवा."

सेलूला उतरून देवधरांनी पायजमा विकत घेतला. शेजारच्या खानावळीत आम्ही जेवलो. पाटवडीचा रस्सा इतका तिखट होता की माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मालकानं न विचारता ताटात तेल वाढलं. मला वाटलं चुकून सांडलं. तिखट मारायला वरून कच्चं तेल घेतात हे मला कोण सांगणार? आमच्याकडे तिखट लागलं तर गूळ पुढे करतात. तेलाचा उपाय गुळापेक्षा चांगला निघाला हे कबूल केलं पाहिजे.

तिथून जीपनं हिंगणीकडे. दोन्ही बाजूंना कापूस फुटायला लागला होता. शेतं अजून हिरवी आणि मधूनमधून पांढरे ठिपके. त्या आठवड्यात परतीच्या पावसानं चांगलंच झोडपलं होतं, त्यामुळे खालच्या बोंडांचा कापूस भिजून काळपट पडला होता. जीपवाला त्याबद्दलच बोलत होता. मध्येच म्हणाला, "धरणावर गडबड हाय म्हन्तात. कोणी बुडालं." मग पुन्हा कापसावर आला.

भिंतीवर

जो बुडाला म्हणत होते तो माणूस आमचा नावाडी होता.

हे आम्हाला वानखेड्यांनी सांगितलं. ते तिथले शाखा अभियंता, तरुण, अंगानं भरलेले, आणि त्या दिवशी चेहरा पार उतरलेला. मोजणीसाठी दोन्ही काठांवर समोरासमोर झेंडे लावावे लागतात, म्हणजे नाव सरळ रेषेत नेता येते. तसं आम्ही आधीच कळवलं होतं. अलीकडच्या काठावरचे झेंडे लागले. पलीकडच्या काठाला जंगल आहे. तिकडचे झेंडे लावायला शालिक नावाचा ढिवर, म्हणजे इथला मासेमार, परवा दुपारी आपला पत्र्याचा डोंगा घेऊन गेला. डोंगा म्हणजे इथली लहान, अरुंद नाव, एका माणसापुरती. संध्याकाळी वादळ आलं, रात्रभर पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी त्याचं वल्हं धरणाच्या भिंतीपाशी तरंगत आलं. डोंगा कुठे नाही, आणि पलीकडे एकही झेंडा दिसत नाही. म्हणजे तो पोचलाच नाही, मधल्या खोल पाण्यात गेला, असं सगळ्यांनी धरलं होतं. जंगलातून रस्त्यानं वळसा घालून जायला निघालेली माणसं नाल्याला पूर आला म्हणून परत आली. शालिकचा धाकटा भाऊ लक्ष्मण खात्याची मोठी नाव घेऊन दोरीला लोखंडी आकडे बांधून पाणी ढवळत होता.

देवधर पायजम्यातच खाली उतरले आणि पेटी नावेत ठेवा म्हणाले.

काठावर एका दगडावर शालिकची बायको बसली होती. नाव गिरजा. तिशीच्या आतबाहेरची, नऊवारी, पदर घट्ट खोचलेला. ती रडत नव्हती. आम्ही पेटी उघडली तशी उठून माझ्याजवळ आली.

"बाई, तुमच्या मशीनले मानूस दिसते का?"

याचं उत्तर मला माहीत होतं आणि देववत नव्हतं. मी सांगितलं की मशीनला तळ दिसतो. तळावर काही मोठं, कडक पडलं असेल तर तेही दिसतं. माणूस दिसेल असं मी सांगू शकत नाही.

तिनं थोडा विचार केला. "डोंगा तं दिसन?"

"पत्र्याचा आहे, दिसायला पाहिजे."

"मंग डोंगा पाहा," ती म्हणाली आणि परत दगडावर जाऊन बसली.

मधलं पाणी

त्या दिवशी उजेड असेपर्यंत आम्ही मधलं पाणी पिंजलं. लक्ष्मण आणि दुसरा एक वल्हेकरी नाव सरळ वल्हवत न्यायचे, मग थोडं बाजूला सरकून परत. देवधर दिशा सांभाळत होते. मी सुईपाशी. गाळाचा तळ असला की रेघ जाड आणि फिकट येते, कारण मऊ चिखल आवाज अर्धा गिळून टाकतो. खडक किंवा लोखंड असलं तर रेघ बारीक आणि गडद. हे मी प्रयोगशाळेत शिकले होते. पण तिथे गडद रेघ आली तर बरं वाटायचं. इथे प्रत्येक वेळी रेघ जरा गडद झाली की ती पुन्हा फिकट होईपर्यंत मी कागदावरून नजर हलवत नव्हते. डोंगा सापडावा असंही वाटत होतं आणि इथे मधोमध सापडू नये असंही.

चार वाजायच्या सुमाराला कागदावर एक लांबट उंचवटा आला. मी हात वर केला. नाव थांबवून लक्ष्मणनं आकडा सोडला. आकडा अडकला. तिघांनी मिळून दोर ओढला तेव्हा वर आलं ते सागाचं कुजलेलं खोड, धरण व्हायच्या आधीच्या जंगलातलं. लक्ष्मणनं ते पायानं परत ढकललं आणि खाली बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी कागद पुढे सरकवला आणि खोडाच्या खुणेशेजारी 'लाकूड' असं लिहिलं. काठावरून गिरजा उभी राहून पाहत होती. देवधरांनी तिच्याकडे बघून हात नकारार्थी हलवला, तेव्हा ती बसली.

विश्रामगृहावर वानखेड्यांच्या घरून डबा आला होता. अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर, वरण. इकडे भाकरी म्हणत नाहीत, भाकर. वानखेडे आमच्याबरोबर बसले, पण भाकर नुसती चिवडत होते. ते म्हणाले, मीच त्याला पाठवलं, आभाळ पाहायला पाहिजे होतं. देवधरांनी त्यांना समजावलं की पत्र आमचं होतं आणि पाऊस कोणाचाच नव्हता. मग यंत्राचा कागद टेबलावर पसरून दोघं कितीतरी वेळ बघत बसले. खोल भाग जवळजवळ सगळा होऊन गेला होता. डोंगा तिथे नव्हता. उद्या पलीकडचा काठ घ्यायचा, असं ठरलं.

पलीकडचा काठ

सकाळी आम्ही पोचलो तर गिरजा नावेत बसलेलीच होती. देवधर म्हणाले, नावेत जागा नाही, आणि काही सापडलं तर तिनं ते पाहू नये. लक्ष्मणनं समजावून पाहिलं. ती जागची हलली नाही. शेवटी वानखेडे उतरतो म्हणाले, पण नाव मोठी होती, त्यांनाही घेतलं.

ती माझ्या शेजारी बसली. नाव निघाली, सुई चालू झाली. तिनं विचारलं हे कसं चालतं. मी सांगितलं, विहिरीच्या काठावरून हाक मारली की हाक परत येते ना, तसंच. हे खाली हाक मारतं आणि परत येण्याची वाट बघतं.

"मी पन तीन दिवसांपासून हाकाच मारून राह्यली," ती म्हणाली. मी कागदाकडे पाहत राहिले.

पलीकडचा काठ मला फार सुंदर वाटला, आणि त्या दिवशी तसं वाटल्याची थोडी लाजही वाटली. पावसानं पाणी वर चढून झाडांत शिरलं होतं. पळसाचे बुंधे कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. पाणकावळे फांद्यांवर पंख पसरून बसले होते. पलीकडे उतारावर साग, आणि त्याच्यावर निळसर टेकड्या. आमच्या खडकवासल्याला तळ्याकाठी इतकी शांतता कधी नसते.

काठाला धरून आम्ही नाल्याच्या तोंडाकडे जात होतो. पाणी उथळ, तळाची रेघ कागदावर वर वर येत चाललेली, फिकट आणि जाड. आणि मग सुईनं अचानक एक आखूड, गडद टोक काढलं. त्याच्या खाली तसंच दुसरं, फिकट. आवाज कडक वस्तूवर आपटून दोनदा परत आला की असं होतं. गिरजा सुईकडेच पाहत होती.

"लोखंड हाय का?" तिनं विचारलं.

"आहे."

नाव मागे घेतली. पुन्हा तीच जागा, पुन्हा ते टोक. आकडा टाकला तो कशावर तरी खणकन वाजला आणि घसरला. लक्ष्मणनं सदरा काढला आणि उडी मारली. तिथलं पाणी दोन पुरुषांहून कमी असेल, पण गढूळ. त्याचे बुडबुडे दिसत होते, मग तेही दिसेनासे झाले. गिरजानं डोळे मिटले नाहीत.

तो वर आला तो नावेपासून जरा दूर, काठाच्या बाजूला, झाडांपाशी. हातात दोर होता. दोराला धरून पुढे सरकत तो एका पळसापर्यंत गेला, पाण्याखाली हातानं चाचपलं, आणि तिथूनच बोलला. आवाज चढवला नाही.

"वहिनी, डोंगा आपलाच हाय. खाली कोणी नाई." मग दम घेऊन, "बांधून हाय. झाडाले दोर बांधून हाय. दादाच्याच हातची गाठ हाय."

वानखेड्यांना आधी उमगलं नाही. मलाही क्षणभर नाही. मग सगळं एकदम लक्षात आलं. शालिक पोचला होता. उतरला होता. कोरड्यात उभं राहून त्यानं डोंगा नीट झाडाला बांधला होता. नंतर पाऊस झाला, तळ्याचं पाणी चढलं, बांधलेला डोंगा भरून बुडाला आणि वल्हं तेवढं तरंगत भिंतीकडे गेलं. बुडालेला माणूस गाठ मारत नाही.

गिरजा नावेतून उतरायला निघाली, तिथेच, पाण्यात. मी तिचा हात धरला.

उतारावरचं खोपटं

नाव झाडांत घुसवून आम्ही उतरलो आणि आरोळ्या ठोकत वर चढायला लागलो. वडिलांनी दिलेली शिट्टीही वाजवली. माणसाचा आवाज काही आला नाही, कुत्रं भुंकलं. भुंकण्याच्या दिशेनं गेलो तर सागांमध्ये एक तुकडा तुरीचा, कडेला राखणीचं खोपटं आणि त्यातून धूर.

तिथे मडावी नावाचं गोंड जोडपं राहत होतं. त्यांचं गाव टेकडीपलीकडे, पण पीक उभं असताना ती दोघं इथेच मुक्कामाला. बाई बाहेर येऊन उभी राहिली. आम्हा सगळ्यांना एकदा पाहून घेतलं आणि गिरजाला म्हणाली, "तुहा हाय का तो? ये. आता ताप उतरला."

शालिक बाजेवर पडला होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले, पण जिवंत, शुद्धीत. उजव्या पायाला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या आणि वरून लाल कापड गुंडाळलं होतं. ते कापड मी ओळखलं. आमचे मोजणीचे झेंडे होते. बांबूही त्यांचेच.

त्यानं सांगितलं ते थोडक्यात असं. झेंडे खांद्यावर घेऊन चढताना पावसात दगडावरून पाय सटकला आणि नडगी मोडली. ओरडला, पण वादळात कोण ऐकणार? सकाळी मडावीच्या कुत्र्याला तो सापडला. दोघांनी त्याला उचलून आणलं आणि पाय बांधला. मग ताप चढला आणि तो बरळायला लागला. निरोप द्यायला मडावी दोनदा नाल्यापर्यंत गेला आणि पाणी पाहून परत आला. आज पाणी ओसरलंय, आता निघणारच होतो, असं तो म्हणाला. नवरा-बायको आपसात त्यांच्या भाषेत बोलत होती, आमच्याशी मराठीत.

शालिकनं वानखेड्यांना पाहिलं आणि उठायचा प्रयत्न केला. "साहेब, झेंडे लागले नाई," तो म्हणाला. वानखेडे बाहेर निघून गेले आणि तुरीच्या कडेला पाठ करून उभे राहिले.

गिरजा बाजेपाशी बसली. तिनं त्याचं तोंड पाहिलं, हात पाहिले, मग पायावर अलगद हात ठेवला.

"दुखते का?"

"दुखते."

"दुखू दे," ती म्हणाली. आणि तेव्हा पहिल्यांदा रडली.

मडावीबाईनं आम्हाला गुळाचा काळा चहा दिला आणि काकडी चिरून मीठ लावून दिली. देवधर पुण्याला बाहेरचं पाणीसुद्धा पीत नाहीत. त्यांनी दोन पेले चहा घेतला आणि तिसरा मागितला. मी आयुष्यात बरेच चहा प्याले आहे, पण त्या जंगलात प्यालेला तो चहा मला अजून आठवतो. बाईला मी विचारलं की पाय बांधायला कुठे शिकलात. ती हसली आणि म्हणाली, बैलाचा बांधला होता एकदा, तो चालते.

पुढचं भरभर सांगते. शालिकला सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं, तिथे प्लास्टर घातलं, आणि पाय नीट जुळेल असं डॉक्टर म्हणाले. त्या निमित्तानं मी सेवाग्राम पाहिलं, पण खरं सांगायचं तर आश्रमापेक्षा दवाखान्याचा बाकच जास्त पाहिला. वर्ध्याच्या स्टेशनबाहेर गोरसपाक हा तिथला तुपाळ बिस्किटांचा प्रकार घेतला, तो गाडीतच संपला. गाळाची मोजणी नवे झेंडे लावून पुरी झाली. लक्ष्मणनं नाव इतकी सरळ चालवली की देवधरांनी अहवालात त्याचं नाव घातलं. बुडालेला डोंगाही लक्ष्मणनंच वर काढला. एका बाजूला पोचा पडला होता, बाकी धड होता.

पण मला सांगायचं आहे ते त्या दुपारी परत येतानाचं. शालिकला बाजेसकट उचलून नावेत आडवं ठेवलं होतं. मडावी आणि लक्ष्मण वल्ही मारत होते. वारा पडला होता, पाणी कसं सपाट. सगळे बोलत होते, एकाच वेळी, कशाबद्दलही. वानखेडे देवधरांच्या पायजम्यावरून थट्टा करत होते आणि देवधर चक्क हसत होते. शालिकचा डोळा लागला होता. गिरजानं त्याच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून पदर धरला होता.

नाव मधल्या पाण्यात आली तेव्हा तिनं माझ्याकडे मान वळवली.

"मशीन चालू करा ना, बाई."

शोध तर संपला होता, पण मी डबा पाण्यात सोडला आणि खटका दाबला. कागद सरकायला लागला, जळका वास आला. रेघ उमटत चालली. जाड, फिकट, सपाट. कुठे टोक नाही, उंचवटा नाही. नुसता मऊ चिखल, दूरवर पसरलेला. गिरजा पुढे वाकून बघत राहिली. सुई सरकत होती तसं तिचं बोट कागदाला न लावता सुईच्या बरोबरीनं चाललं होतं. बराच वेळ तिनं तसं पाहिलं.

"बंद करा आता," ती म्हणाली. "खाली आपलं काही नाई."